‘-दागानुन’चं प्रकरण : मराठीतून कोरियन व्याकरण, प्रकल्प नोंदी

५ जुलै २०२५

मध्यम पातळीच्या पुस्तिकेतलं इशाऱ्याचं प्रकरण आज हातात घेतलं. क्रियापदाला ‘-दागानुन’ हा प्रत्यय लागला की अर्थ होतो : हे जे चाललंय ते असंच चालू राहिलं, तर पुढे काहीतरी वाईट होईल. बोलण्यात त्याचं ‘-दागान’ होतं. टोपिक म्हणजे कोरियन भाषेच्या प्रावीण्याची परीक्षा. तिच्या पहिल्या दोन पातळ्यांची पायरी ओलांडून जे ‘टोपिक दोन’कडे वळतात, त्यांच्यासाठी ही पुस्तिका आहे. त्या परीक्षेत ३०० पैकी १२० गुण मिळाले की तिसरी पातळी मिळते, आणि त्या टप्प्यावर असे प्रत्यय ओळखता यायलाच हवेत.

पण मला परीक्षेपेक्षा बोलण्याची काळजी जास्त आहे. रांजणगाव, तळेगाव, चाकण या पट्ट्यात कोरियन कंपन्यांमध्ये काम करणारी आपली मुलं आहेत. त्यांच्या कानावर रोज पडू शकेल असं वाक्य : ‘इरॉखे हादागान सागो नायो.’ असं करत राहिलात तर अपघात होईल. हे वाक्य कळलं नाही तर नुसते गुण जाणार नाहीत, बोट जाईल. म्हणून या प्रकरणाला हवी तेवढी पानं द्यायची, असं ठरवलं आहे.

लिपीबद्दल पुन्हा एकदा नोंद, कारण पुस्तिकेत सगळं देवनागरीत जाणार आहे. ‘नुन’मधला स्वर आपल्या ‘उ’सारखा ओठ गोल करून म्हणायचा नाही, ओठ ताणून म्हणायचा. ‘ऑ’ आणि ‘ओ’ वेगळे ठेवायचे, नाहीतर अर्थच बदलतो. ‘ज’ नेहमी ‘जिवंत’मधला, ‘जहाज’मधला कधीच नाही. आणि ‘दागा’ हा तुकडा मागच्या अक्षरानुसार बदलतो : ‘का-’ (जाणे) याला लागून ‘कादागा’, पण ‘मॉक-’ (खाणे) याला लागून ‘मॉक्तागा’. कोरियन लिहिताना अक्षर एकच, कानाला मात्र दोन. ऐकताना विद्यार्थी इथेच अडखळतात, त्यामुळे हे पहिल्याच पानावर जाईल.

९ जुलै

आज मुळापासून सुरुवात केली. ‘-दागानुन’चे दोन तुकडे : ‘-दागा’ आणि ‘नुन’.

‘-दागा’ला कोरियन व्याकरणात ‘चॉन्ह्वान’चा, म्हणजे पालट दाखवणारा प्रत्यय म्हणतात. एक क्रिया चालू होती, ती मध्येच तुटली किंवा वळली आणि दुसरी घडली. ‘चिबे कादागा छिन्गुरुल मान्नास्सॉयो.’ घरी जाता जाता मित्र भेटला. मराठीतलं हे ‘जाता जाता’ इथे इतकं चपखल बसतं की वेगळं समजावण्याची गरजच पडत नाही.

पुढची पायरी : ‘त्त्विदागा नॉमॉजॉस्सॉयो.’ पळता पळता पडलो. इथे पळणं नुसतं तुटलं नाही, पळण्यामुळेच पडणं आलं. म्हणजे ‘-दागा’च्या पोटात कारणाचा अर्थ आधीपासूनच होता, आणि त्यातून येणारं फळ बहुधा वाईट.

आता त्याच वाक्याला ‘नुन’ जोडा आणि घडलेली गोष्ट घडू शकणारी करा. ‘कुरॉखे त्त्विदागानुन नॉमॉजॉयो.’ असा पळत राहिलास तर पडशील. ही तीन वाक्यं एकाखाली एक ठेवली की प्रत्यय पाठ करावा लागत नाही, तो उलगडतो. मला माहीत असलेली शिकवणी-टिपणं बहुतेक थेट तिसऱ्या वाक्यापासून सुरू होतात, आणि मग विद्यार्थ्याला ‘-दागानुन’ म्हणजे ‘-म्यॉन’चाच, साध्या ‘जर-तर’चाच, लांबलचक भाऊ वाटतो. तो तसा नाही. ‘-म्यॉन’ला काहीही चालतं : पाऊस आला तर भजी करू, पाऊस आला तर पिकं तरतील. ‘-दागानुन’ मात्र आत्ता डोळ्यांसमोर चाललेल्या गोष्टीवर बोट ठेवतो आणि सांगतो की ही वाट पुढे मोडणार आहे.

१० जुलै

‘नुन’वर वेगळी नोंद करतो आहे, कारण रात्री हाच विचार चालू होता.

‘नुन’ हा कोरियनमध्ये विषय पुढे मांडणारा शब्दयोगी. ‘ज्याबद्दल बोलतोय ते हे’ असं तो सांगतो. मग विषय दाखवणारा शब्दयोगी अटीच्या वाक्यात काय करतो? उत्तर मराठीतच आहे. आपला ‘तर’ काय करतो ते बघा : ‘पाऊस आला तर’ इथे तो अट सांगतो, आणि ‘तो तर आलाच नाही’ इथे विषय उचलून पुढे ठेवतो. शब्द एकच, कामं दोन. अट म्हणजे बोलणाऱ्यांनी क्षणभर गृहीत धरलेला विषय, असं अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जॉन हेमन यांनी १९७८ मध्ये मांडलं, तेही पापुआ न्यू गिनीतल्या हुआ भाषेपासून सुरुवात करून. मराठी माणसाला हे पटवायला हुआपर्यंत जावं लागत नाही, ‘तर’ पुरेसा आहे.

पुस्तिकेत हेमन यांचं नाव येणार नाही, मात्र ‘तर’ची दोन वाक्यं चौकटीत येतील.

१७ जुलै

पुण्यात आठवडाभर पाऊस. तिकडे कोरियातही या दिवसांत ‘चाङ्मा’, जूनअखेरीपासून जुलैअखेरीपर्यंतचा त्यांचा पावसाळा. म्हणून उदाहरण आपोआप मिळालं : ‘इरॉखे पिगा ओदागानुन होङ्सुगा नागेस्सॉयो.’ पाऊस असाच पडत राहिला तर पूर येईल. दोन गोष्टी यातून दाखवता येतात. एक, दोन्ही भागांचा कर्ता वेगळा असू शकतो, पाऊस पडतो आणि पूर येतो. दोन, इशारा माणसाच्या वागण्यालाच द्यावा लागतो असं नाही, चालू परिस्थितीलाही देता येतो.

वाक्याच्या सुरुवातीचा ‘इरॉखे’ (असं), ‘कुरॉखे’ (तसं, तू करतोयस तसं) किंवा ‘क्येसोक’ (सतत) हे शब्द जवळजवळ ठरलेले. ते नसले तरी वाक्य चुकत नाही, पण इशाऱ्याचं बोट रोखलं जात नाही. दुसऱ्या भागाचा शेवटही ठरलेल्या मोजक्या वळणांनी होतो : होईल, होणार बहुतेक, होऊ शकतं, होईलसं दिसतंय. तिथे आज्ञा येत नाही, ‘चला करूया’ही येत नाही. ‘असं खात राहिलास तर खाऊ नकोस’ हे मराठीतही विचित्रच वाटतं, तेव्हा हा नियम वेगळा पाठ करवून घ्यायचा नाही. पोट बिघडेल म्हणून सांगायचं आणि मग नवीन वाक्यात ‘पुरे कर’ म्हणायचं.

नकारही बसतो, हे मुद्दाम लिहितो आहे कारण ते सहज सुचत नाही. ‘कुरॉखे आन मॉक्तागानुन स्सुरॉजॉयो.’ असं न जेवता राहिलास तर कोसळशील. न करणं हेही एक चालू ठेवलेलं वागणंच आहे.

२४ जुलै

आजचा दिवस पूर्ण मराठीवर गेला, आणि प्रकरणाचा गाभा आजच सापडला असं वाटतं.

आतापर्यंत मी सगळीकडे ‘-त राहिलास तर’ असं मराठी रूप देत होतो. अर्थ बरोबर, पण सपाट. आपण घरात खरंच असं बोलतो का? ‘गप्पा मारत बसलास तर गाडी चुकेल.’ ‘मोबाइल बघत बसलीस तर अभ्यास कधी होणार?’ ‘खर्च करत सुटलास तर महिनाअखेरीला काय करशील?’ मराठीत ‘बसणे’ आणि ‘सुटणे’ ही सहायक क्रियापदं होऊन आली की चालू असलेल्या गोष्टीवर नाराजी आपसूक चढते. ‘राहणे’त ती नसते. ‘अभ्यास करत राहिलास तर पास होशील’ म्हणता येतं, ‘अभ्यास करत बसलास तर पास होशील’ म्हटलं की ऐकणारा गोंधळतो.

‘-दागानुन’चा स्वभाव ‘बसलास तर’च्या जवळचा आहे. त्याच्या पुढे चांगलं फळ येत नाही. सराव करत राहिलास तर चांगलं येईल, हे कोरियनमध्ये सांगायचं असेल तर ‘-दा पोम्यॉन’ घ्यावं लागतं : ‘यॉन्सुफादा पोम्यॉन’, सराव करता करता. इथे ‘-दागानुन’ घातलं तर कोरियन माणूस पुढच्या वाईट बातमीची वाट बघत थांबतो.

आणि तिसरं मराठी रूप, सगळ्यात आपलं : ‘अशानं’. ‘अशानं आजारी पडशील हं.’ ‘अशानं काही खरं नाही.’ एका शब्दात अख्खं पहिलं वाक्य. कोरियनमध्ये याचा थेट जोडीदार आहे, ‘कुरॉदा’. म्हणजे ‘तसं करता करता’. ‘कुरॉदा ताछॉ.’ अशानं लागेल तुला. आमच्या कोरियन तपासनीस बाईंनी सांगितलं की मुलं खेळतात तिथे हे वाक्य सारखं कानावर येतं, आणि आई ते भविष्यकाळात म्हणत नाही, साध्या वर्तमानात म्हणते. आपण ‘लागेल’ म्हणतो, त्या ‘लागतं’ म्हणतात, जणू लागलंच. स्वतःशीच म्हणायचं तर ‘इरॉदा नुत्केत्ता’, असं करता करता उशीर होणार आता. या दोन वाक्यांना पुस्तिकेत सगळ्यात मोठ्या अक्षरात जागा. पूर्ण ‘-दागानुन’ पुढे लागेल तेव्हा लागेल, हे दोन तुकडे पहिल्याच दिवशी तोंडात बसले पाहिजेत.

२५ जुलै

कालच्या नोंदीत भर. ‘बसलास तर’ सगळीकडे चालणार नाही, आणि ते का चालत नाही हे सांगणं विद्यार्थ्यांच्या फार उपयोगाचं आहे.

‘हाल्मॉनी, कुरॉखे इल्मान हाशिदागानुन प्यॉङ्नाशिगेस्सॉयो.’ आजी, अशी नुसती राबत राहिलीस तर आजारी पडशील. इथे रागाचा मागमूस नाही, सगळी काळजी आहे. आजीला ‘राबत बसलीस तर’ म्हटलं की काळजीचं टोचणं होतं. म्हणजे कोरियन रूप एकच, आणि मराठीत बोलणाऱ्याच्या मनाप्रमाणे ‘राहिलीस’ किंवा ‘बसलास’ निवडायचं. रूप कोणतं बसतं हे नातं ठरवतं. माझ्या मते हा प्रत्यय मुळात काळजीचा आहे आणि रागावणं हा तिचाच एक सूर. वाईट होण्याच्या आधी, अजून थांबता येतं अशा वेळी जो बोलतो, त्याला समोरच्याचं काहीतरी वाटत असतं.

आदराची गंमत वेगळी. आपण आजीला, आईला ‘तू’ म्हणतो आणि त्यात प्रेमच असतं. काही घरांत आजीला ‘तुम्ही’ही म्हणतात. कोरियनमध्ये आजीशी बोलताना क्रियापदात ‘-शि-’ घालायचा असतो, आणि वरच्या वाक्यात तो दोन्हीकडे आला आहे, ‘हाशिदागानुन’मध्ये आणि ‘प्यॉङ्नाशिगेस्सॉयो’मध्ये. मराठी विद्यार्थी आजीला मनातल्या मनात ‘तू’ म्हणून भाषांतर करतो आणि ‘-शि-’ गळतो. सराव-वाक्यांत आजी, आजोबा, शेजारच्या काकू मुद्दाम आणणार आहे.

२ ऑगस्ट

भूतकाळी रूप : ‘-त्तागानुन’. यावर स्वतंत्र दोन पानं.

‘त्तो कॉजिन्माल्हेत्तागानुन होन्नाल च्चुल आरा.’ पुन्हा खोटं बोललास तर बोलणी खाशील, समजून अस. किंवा नुसतं ‘कॉजिन्माल्हेत्तागानुन खुनिल ना’, खोटं बोललास तर अनर्थ होईल. इथे चालू काहीच नाही. गोष्ट अजून घडलेलीच नाही, एकदा जरी घडली तरी भोवेल असा दम आहे. इंग्रजीच्या आधारे कोरियन शिकणाऱ्याला हे विलक्षण वाटतं : भविष्याबद्दलचं बोलणं आणि क्रियापद भूतकाळी? मराठी माणसाला त्यात काहीच विलक्षण वाटू नये. ‘खबरदार पुढे पाऊल टाकलंस तर!’ ‘बाहेर गेलास तर तंगडी मोडीन.’ टाकलंस, गेलास ही भूतकाळाचीच रूपं आहेत आणि पाऊल अजून पडलेलं नाही. हे साम्य इतकं सरळ आहे की विद्यार्थ्याला फक्त आठवण करून द्यायची.

मग दोन रूपांतला फरक मराठीतच दाखवता येतो. ‘बोलत राहिलास तर’ आणि ‘बोललास तर’. पहिल्यात वागणं चालू आहे, ते थांबवायला सांगतोय. दुसऱ्यात वागणं सुरूच झालेलं नाही, ते सुरू करू नकोस म्हणतोय. कोरियनमध्येही फरक नेमका हाच.

एक सापळा : ‘नुन’ नसलेला ‘-त्तागा’ दम देत नाही, साधी हकीकत सांगतो. ‘कात्तागा वास्सॉयो’, जाऊन आलो. केलेली गोष्ट उलटवली किंवा तिथून परतलो, एवढाच अर्थ. ऐकताना शेवटचा ‘नुन’ किंवा नुसता ‘न’ निसटला की दमदाटीची हकीकत होते. ध्वनिमुद्रणात हे दोन्ही लागोपाठ ठेवायचे.

६ ऑगस्ट

कामाच्या जागेचा भाग. वरिष्ठाला ‘तुम्ही असं करत राहिलात तर’ असं तोंडावर म्हणणं जड जातं, कोरियन कार्यालयात तर जास्तच. पण उशीर होतोय हे सांगणं तर भाग आहे. मग माणसावरचं बोट काढून परिस्थितीवर ठेवायचं : ‘इरॉदागानुन नुजुल क्कॉत कात्सुम्निदा.’ असंच चाललं तर उशीर होईलसं वाटतं. कर्ता नाहीच, शेवटी ‘वाटतं’चा मऊपणा आणि औपचारिक ‘-सुम्निदा’. आपणही ‘साहेब, असंच चाललं तर गाडी वेळेत भरून निघायची नाही’ म्हणतो, ‘तुम्ही’ उच्चारत नाही.

वर्तमानपत्री वापर याच वळणाचा. ‘इदेरो कादागान’, हे असंच चाललं तर. कोरियन अग्रलेखांत आणि मथळ्यांत हा तुकडा नेहमीचा, आणि गेली काही वर्षं तो लोकसंख्येच्या प्रश्नाला हमखास चिकटतो. तिथला एकूण जननदर, म्हणजे एका बाईमागे आयुष्यभरात सरासरी किती मुलं, २०२२ मध्ये ०.७८ होता, २०२३ मध्ये ०.७२ झाला. २०२४ मध्ये तो किंचित वर येऊन ०.७५ झाला. लोकसंख्या टिकायला २.१च्या आसपास लागतो. एक अख्खा समाज स्वतःला ‘-दागान’ लावून बोलतो, हे आकडे पाहिले की त्या दोन अक्षरांचं वजन कळतं. वाचन-उताऱ्यासाठी हाच विषय घेतला आहे, भाषा सोपी करून.

म्हणी आणाव्यात का, यावर थोडा वेळ घालवला. ‘क्कोरीगा किल्म्यॉन पाल्फिन्दा’, शेपूट लांब असली की पायाखाली येते. लपवाछपवी फार दिवस चालू ठेवली तर उघडकीला येतेच, असा अर्थ. इशारा अगदी आपल्या प्रकरणातला, पण प्रत्यय ‘-म्यॉन’. म्हण सगळ्यांना लागू असलेलं सत्य सांगते, समोरच्या एका माणसाच्या आत्ताच्या वागण्यावर ती बोट ठेवत नाही. म्हणून ती घेतली, ‘इथे -दागानुन का नाही?’ या प्रश्नासकट.

११ ऑगस्ट

पहिल्या वाचकगटाकडून मसुदा परत आला. ‘पळता पळता’ची तीन वाक्यं सगळ्यांना पोहोचली. ‘बसलास तर’चा भाग वाचून एकीने लिहिलं की हे तर आमच्या घरातलंच बोलणं, आणि सोबत स्वतःची वाक्यंही पाठवली, त्यांतली चांगली सरावात घेतो आहे. अडचण चांगल्या फळाची : ‘रोज चालत राहिलास तर तब्येत सुधारेल’ या वाक्याला पुष्कळांनी ‘-दागानुन’ लावला. दोष त्यांचा नाही, ‘-त राहिलास तर’ हे मराठी रूप दोन्हीकडे चालतं आणि ते डोळ्यांसमोर असतं. उपाय सरावाच्या क्रमात आहे : भाषांतर करण्याआधी वाक्यातला ‘राहिलास’ काढून ‘बसलास’ घालून बघायचा. काळजीनं असो वा रागानं, इशारा असेल तर वाक्य तरतं. ‘चालत बसलास तर तब्येत सुधारेल’ तरत नाही, मग ‘-दा पोम्यॉन’.

तपासनीस बाईंची एकच मोठी सूचना : इशाऱ्याचं प्रकरण ‘-ल्ला’शिवाय अपुरं आहे. ‘चोशिम्हे, नॉमॉजिल्ला.’ जपून, पडशील! चालू वागणं नाही, अट नाही, समोर दिसणारा धोका आणि एक क्रियापद. मराठीत तर प्रत्ययही लागत नाही, नुसतं ‘पडशील!’ म्हणून आपण हात पुढे करतो. सूचना मान्य. पण ‘-ल्ला’ याच प्रकरणात कोंबणार नाही, त्याचा स्वतंत्र धडा होईल आणि तो याच्या आधी येईल, कारण तो लहान आणि सोपा आहे.

१४ ऑगस्ट

धड्यांचा क्रम बदलला : ‘-ल्ला’, मग ‘कुरॉदा / इरॉदा’, मग ‘-दागानुन’, मग ‘-त्तागानुन’, शेवटी तुलनेसाठी ‘-दा पोम्यॉन’. ध्वनिमुद्रणाची यादी बाईंकडे पाठवली. ‘कुरॉदा ताछॉ’ दोन सुरांत हवं आहे, एकदा वैतागलेल्या आईच्या आणि एकदा घाबरलेल्या आईच्या, कारण अक्षरं तीच राहून अर्थ कुठे सरकतो ते कागदावर दाखवता येत नाही. ‘कात्तागा’ आणि ‘कात्तागान’ लागोपाठ, आधी सावकाश आणि मग बोलण्याच्या वेगानं. कारखान्यातलं ‘इरॉखे हादागान सागो नायो’ मागे यंत्राचा आवाज ठेवून घ्यायचं, विद्यार्थ्याला ते तशाच गोंगाटात ऐकावं लागणार आहे.